दारू भरताना बोलायचं नाही!

‘‘आई, घरमालक एकदम सज्जन आहेत गं. रात्री जेवण झालं की गॅरेजमध्ये दारू भरत बसतात, तेवढंच.’’

फोनच्या त्या टोकाला, म्हणजे कोथरूडला, तीन सेकंद शांतता. मग हळूच प्रश्न आला, ‘‘आणि तू रे?’’

‘‘मी समोर बसतो. किती भरली ते लिहून घेतो.’’

आईने फोन सरळ बाबांकडे दिला.

मंडळी, दोष माझा नाही, मराठीचा आहे. प्यायची तीही दारू आणि उडवायची तीही दारूच. आमचे घरमालक भरायचे ती दुसरी. काळी, रवाळ, सोरा-गंधक-कोळशाची. ती पितळी पुंगळीत भरून, वर शिशाची गोळी बसवून ते काडतुसं बनवायचे. एका वेळी चाळीस-पन्नास. स्वतःच्या हाताने. आणि तीही दीडशे वर्षांपूर्वीच्या नमुन्याच्या रायफलीसाठी.

बाबांना हे समजावताना वीस मिनिटं गेली. त्यांचा शेवटचा प्रश्न तुमच्याही मनात असेल, ‘‘तयार मिळत नाहीत का?’’

मिळतात की. पण त्यात बहुतेक आधुनिक, धूर न करणारी पावडर असते. काळ्या दारूच्या शौकिनांना ते म्हणजे मोदकाच्या जागी चॉकलेट मोदक. शिवाय प्रत्येक रायफलीचे लाड वेगळे. एकीला जरा जाड रवाळ दारू मानवते, दुसरीला बारीक. कुणाला गोळी अशी लागते, कुणाला तशी. ते तिला विचारून, म्हणजे मारून बघून, वहीत लिहूनच कळतं. थोडक्यात, फंडा असा की काडतूस विकत घ्यायचं नाही, आपलं आपण शोधून काढायचं.

आता जरा बॅकग्राऊंड. कंपनीने दहा महिन्यांसाठी ऑनसाइट पाठवलं होतं, डेन्व्हरला. अपार्टमेण्टचं भाडं बघून डोळे पांढरे झाले, म्हणून एका घराचं बेसमेण्ट घेतलं. वर घरमालक एकटेच. वय पंचाहत्तरच्या आसपास. आयुष्यभर शाळेत मुलांना लेथ आणि वर्कशॉप शिकवलेलं. अमेरिकेत आजोबांच्या वयाच्या माणसालाही नुसत्या नावाने हाक मारायची पद्धत. माझ्या जिभेला ते काही जमेना. ‘सर’ म्हटलं की ते वैतागायचे. शेवटी मी तोंडाने काहीच म्हणत नसे आणि मनात ‘मास्तर’ म्हणत असे.

मास्तरांची रायफल म्हणजे शार्प्स. ख्रिश्चन शार्प्स या माणसाने १८४८ मध्ये पेटण्ट घेतलेल्या कळीची ही पोरगी. खालची कळ ओढली की मागचा पोलादी ठोकळा खाली सरकतो, काडतूस घालायचं, कळ परत वर. एका वेळी एकच. मूळ कंपनी १८८१ मध्येच बंद पडली, पण १९९० साली टॉम सेलेकचा ‘क्विग्ली डाउन अंडर’ आला आणि या रायफलीचं नशीब पुन्हा फळफळलं. आज हुबेहूब तशाच रायफली मोण्टानामध्ये बनतात, इटलीतही बनतात. त्या सिनेमातल्या क्विग्लीच्या नावाने मोण्टानातल्या फोर्सिथ गावाजवळच्या माळावर दर जूनमध्ये, फादर्स डेच्या वीकएण्डला, मोठी नेमबाजी भरते. शेकडो लोक जुन्या धाटणीच्या रायफली घेऊन जमतात. मास्तर दर वर्षी जायचे. पंढरपूरच म्हणा ना.

आता एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुम्ही शेवटपर्यंत वाट बघत बसणार नाही. मी एकही गोळी झाडली नाही. वर्क व्हिसावर असलेल्या माणसाला, शिकारीचा परवाना वगैरे अपवाद सोडले तर, बंदूक काय किंवा काडतूस काय, बाळगायला तिथल्या कायद्याने मनाई आहे. (आपल्याकडेही परवान्याशिवाय काडतूस बाळगणं गुन्हाच आहे, तेव्हा हा लेख वाचून कुणी गॅलरीत प्रयोग करू नयेत!) मास्तर या बाबतीत फार कडक. पहिल्याच दिवशी म्हणाले, ‘‘तू कशालाही हात लावायचा नाही. पण तुला वाचता-लिहिता येतं ना? मग ये.’’

कारण असं की मास्तरांच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता. ऑपरेशन उन्हाळ्यानंतर. टार्गेट त्यांना दुर्बिणीच्या साइटमधून नीट दिसायचं, पण वजनकाट्यावरचे हिरवे आकडे पुसट दिसायचे. म्हणून काट्याचं तोंड माझ्याकडे. मास्तर ठेवणार, मी आकडा वाचणार आणि वहीत लिहिणार. माझी ऑनसाइटच्या आतली ऑनसाइट!

नियम तीनच. टेबलावर एका वेळी एकच काम. ठिणगी पडेल असं काहीही गॅरेजमध्ये आणायचं नाही. आणि भरताना बोलायचं नाही. आकडा सोडून.

आता ते काडतूस कसं भरायचं ते ऐका.

या काडतुसाचं नाव ‘.४५-७०’. नावातच रेसिपी आहे. गोळीची जाडी सुमारे पॉइंट पंचेचाळीस इंच आणि आत सत्तर ग्रेन काळी दारू. अमेरिकन सैन्याने १८७३ मध्ये ते स्वीकारलं. ग्रेन हे वजन आपल्याला अगदीच परकं नाही. आपल्या सोनाराचा जुना तोळा म्हणजे १८० ग्रेन. एक ग्रेन म्हणजे अर्ध्या गुंजेहून किंचित जास्त. मास्तरांची गोळी ५३२ ग्रेनची, म्हणजे जवळजवळ तीन तोळे. आईला हे सांगितलं तेव्हा कुठे तिला या प्रकाराबद्दल थोडा आदर वाटला.

आधी पुंगळ्या. मागच्या वेळी वापरलेल्या, साबणाच्या पाण्यात धुऊन वाळवलेल्या. त्यांच्या बुडाशी नवा प्रायमर बसवायचा. प्रायमर म्हणजे दिवाळीतल्या बंदुकीच्या टिकलीचा श्रीमंत मावसभाऊ. मग दारू तोलायची आणि हातभर लांब पितळी नळीतून हळूहळू पुंगळीत सोडायची. सरळ नरसाळ्याने ओतली तर? तर मावत नाही. माझी आजी रव्याचा डबा भरताना मधे मधे तो ओट्यावर आपटायची, आठवतंय? तोच प्रकार. उंचावरून संथपणे पडणारा दाणा दाण्याच्या कुशीत जाऊन बसतो. तेवढ्याच पुंगळीत जास्त मावते आणि दर वेळी सारखी मावते.

मग वर पुठ्ठ्याची पातळ चकती. मग प्रेसवर ठेवून ती चकती बेताने दाबायची. गोळीने दाबायचं नाही, कारण गोळी मऊ, शिसं आणि थोडं कथील. दाबायला गेलं की तिचाच आकार बिघडतो. आणि शेवटी अंगठ्याच्या जोराने गोळी अशी बसवायची की तिची बैठक थेट चकतीवर टेकली पाहिजे. मधे पोकळी राहता कामा नये. आधुनिक पावडरीत पुंगळी अर्धी रिकामी असली तरी चालू शकतं. काळ्या दारूला रिकामी जागा खपत नाही. पोकळी राहिली तर दाब भलताच उसळतो आणि नळीच्या आतून कायमचं वळं पडू शकतं. आपण ‘विनोदाने ठासून भरलेलं नाटक’ म्हणतो ना, त्यातलं ‘ठासून’ इथलं आहे. ठासणीच्या बंदुकीतलं.

गोळीच्या अंगावर खाचा असतात. त्यात मधमाशीच्या मेणाचं वंगण भरलेलं असतं. पहिल्यांदा ते बोटाला लागलेलं मास्तर कापडाला पुसत होते आणि माझ्या डोक्यात एकदम ट्यूब पेटली. वंगण! काडतुसाला चरबी! सातवीचं, की आठवीचं, इतिहासाचं पुस्तक!

गाई-डुकराच्या चरबीची काडतुसं हे वाक्य आपण सगळ्यांनी पाच मार्कांसाठी लिहिलंय. पण चरबी मुळात लावायची कशाला, हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलंही नव्हतं. उत्तर गॅरेजमध्ये मिळालं. काळी दारू जळली की तिचा निम्म्याहून जास्त भाग वायू होतच नाही, काजळी आणि कीट बनून नळीत बसतो. दोन-चार बार झाले की नळी चोंदते. एनफील्ड रायफल होती ठासणीची. कागदी काडतूस दाताने फाडायचं, दारू नळीत ओतायची आणि गोळी गजाने वरून खाली ठासायची. कीट कडक झालं की गोळी खाली उतरणार नाही. म्हणून कागदाला बाहेरून वंगण.

मास्तरांना मी सगळी हकिकत सांगितली. (दारू टेबलावर नव्हती, त्यामुळे बोलायची परवानगी होती.) २९ मार्च १८५७ ला बराकपूरमध्ये मंगल पांडे, एप्रिलमध्ये मीरतला काडतुसं नाकारणारे ८५ घोडेस्वार, मग १० मे. मास्तर म्हणाले, ‘‘मग वंगण बदलायचं होतं. सोपं होतं.’’

मी म्हटलं, बदललं होतं! जानेवारीतच हुकूम निघाला होता की शिपायांनी आपल्या पसंतीचं वंगण आपल्या हाताने लावावं. उपयोग शून्य. मग म्हणे कागदच चकाकतोय, कागदातच काहीतरी आहे.

मास्तर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘‘काडतूस बंद असतं. आत काय आहे ते भरणाऱ्यालाच माहीत. त्याच्यावरचा विश्वास गेला की वंगण बदलून काय होणार?’’

मला तेव्हा हे वाक्य भारी वाटलं. पुण्याच्या ग्रुपवर टाकलंसुद्धा. सतरा लाइक्स. त्यानंतर तीनच आठवड्यांनी मी जे केलं ते ऐका.

मे महिना. मास्तरांनी रविवारभर गोळ्या ओतल्या होत्या. शिसं वितळवून, पळीने साच्यात. साठ गोळ्या. दिसायला सगळ्या जुळ्या बहिणी. पण ओतताना आत कुठे हवेचा बुडबुडा अडकला तर बाहेरून पत्ताच लागत नाही. कळतं ते फक्त वजनावरून. म्हणून प्रत्येक गोळी तोलायची. ५३२ ला एक ग्रेन इकडे-तिकडे चालेल. त्याहून हलकी निघाली की परत भांड्यात. कारण आतून पोकळ गोळी फिरताना डगमगते आणि पाचशे मीटरवर भलतीकडे जाते.

त्या सोमवारी रात्री आमची रिलीज होती. पुण्यात मंगळवारची सकाळ. टीम्सवर कॉल चालू, क्लायंट ऑनलाइन, लीड घामाघूम. मी एका कानात इअरबड घालून गॅरेजमध्ये बसलो होतो. मांडीवर फोन. मास्तर एकेक गोळी काट्यावर ठेवत होते आणि मी आकडा सांगत होतो. ५३२.१. ५३१.८. एक हलकी निघाली, बाजूला गेली. अठरा, एकोणीस, वीस.

तेवढ्यात कॉलवर कुणीतरी माझं नाव घेतलं. मी फोनवर टाइप करायला लागलो. समोर ‘टक’ असा आवाज आला, काट्यावर गोळी ठेवल्याचा. आणि माझ्या तोंडून आपोआप निघालं, ‘‘पाचशे बत्तीस.’’

मास्तरांनी गोळी उचलली, पेटीत ठेवली. पुढची ठेवली. टक. ‘‘पाचशे बत्तीस.’’

बघा, यात मला काही वाटलंच नाही. शुक्रवारी संध्याकाळी टाइमशीट भरताना आपण आठ-आठ-आठ-आठ-आठ लिहितो, तेव्हा कुठे काही वाटतं? टक, पाचशे बत्तीस. टक, पाचशे एकतीस पॉइंट नऊ. मधे मधे थोडा फरकही करत होतो, खरं वाटावं म्हणून. चाळीस गोळ्या. वही सुंदर दिसत होती.

शनिवारी शहरापासून तासाभरावरच्या रेंजवर गेलो. समोर गवताळ माळ, मागे रॉकीजवर अजून बर्फ. टार्गेट म्हणजे पोलादी पत्र्याचे प्राणी. दोनशे मीटरवर कोंबडी, तीनशेवर डुक्कर, ३८५ वर टर्की आणि पाचशेवर मेंढा. मी दुर्बिणीशी. मास्तर पालथे पडलेले, नळी दोन काठ्यांच्या कैचीवर टेकवलेली.

याची मजा काय सांगू! चाप ओढला की आधी ढगाएवढा पांढरा धूर. वास थेट लक्ष्मीपूजनाच्या रात्रीचा, बोळात लवंगीची माळ वाजून गेल्यावर येतो तो. गोळी संथ. तिला पाचशे मीटरवर पोचायला दीड-पावणेदोन सेकंद लागतात आणि आवाज परत यायला आणखी दीड. म्हणजे तीनेक सेकंद नुसती वाट बघायची. आणि मग लांबून, देवळातल्या घंटेसारखं, ‘टण्ण’. त्यानंतर मास्तर मागून एक नळी लावून रायफलीत तोंडाने चार-पाच फुंकर मारायचे. श्वासातल्या ओलाव्याने कीट मऊ राहतं. डेन्व्हरची हवा इतकी कोरडी की फुंकर विसरली तर दोन बारांत नळी सुकली.

पहिले दहा बार झक्कास. मग एक टण्ण आलाच नाही. दुर्बिणीतून पाहिलं तर धूळ मेंढ्याच्या डावीकडे हातभर लांब. मास्तरांनी साइट तपासली, वारा बघितला. पुढचा लागला. त्याच्या पुढचा खाली जमिनीत. मग दोन लागले. मग पुन्हा भलतीकडे.

मास्तरांनी वही मागितली. पानं उलटून बघितली. दारू सारखी, वजन सारखं, वंगण तेच. वहीत सगळं बरोबर होतं. त्यांनी वही मिटली, चष्मा काढला आणि डोळे चोळले. पंचवीस बार झाले होते. पंधरा काडतुसं शिल्लक होती. ती त्यांनी मारलीच नाहीत.

परतताना गाडीत एवढंच म्हणाले, ‘‘काडतुसं चांगली होती. माणूस जुना झाला.’’

रविवारी त्यांनी फोर्सिथला जाणार नसल्याचं मित्राला फोन करून सांगितलं. मी जिन्यात होतो. ऐकलं. रायफलीला कुणी गिऱ्हाईक आहे का, असंही विचारत होते.

इथे मी लगेच धावत जाऊन सांगितलं, असं लिहायला मला आवडलं असतं. नाही सांगितलं. रविवारी नाही, सोमवारी नाही. स्वतःला पटवत होतो की डोळे तर खरंच खराब आहेत, कशावरून गोळ्यांचाच दोष? आणि सांगितलं तर बेसमेण्ट गेलं, अजून चार महिने काढायचेत. मंगळवारी संध्याकाळी दूध घ्यायला वर गेलो तेव्हा गॅरेजचं दार उघडं होतं. मास्तर ती पितळी नळी तेलाच्या फडक्याने पुसून, कागदात गुंडाळून खोक्यात ठेवत होते.

मी म्हटलं, ‘‘मी आकडे न बघता सांगितले.’’

ते थांबले. मला वाटलं आता ओरडतील. निदान ‘का’ तरी विचारतील. त्यांनी विचारलं, ‘‘कितव्यापासून?’’

‘‘बहुतेक एकविसाव्या...’’

‘‘बहुतेक?’’

‘‘एकविसाव्यापासून.’’

त्यांनी खोक्यातून वही काढली. पान शोधलं. विसाव्या आकड्याखाली पट्टीने एक सरळ रेघ मारली आणि वही माझ्यापुढे केली. ‘‘लिही. इथून खाली तोललेलं नाही.’’ मी लिहिलं. इंग्रजीत सहाच शब्द, पण अप्रेझलच्या फॉर्मला लागला नव्हता तेवढा वेळ लागला.

मग काटा टेबलावर आला. उरलेल्या पंधरा काडतुसांच्या गोळ्या मास्तरांनी ओढून काढल्या, न भरलेल्या शिल्लक गोळ्याही आणल्या. टक. मी आकडा बघितला. पुन्हा बघितला. मग सांगितला. रात्री साडेअकरापर्यंत एकेक. त्यांतल्या चार गोळ्या हलक्या निघाल्या. एक तर तब्बल सहा ग्रेनने. चवथी निघाली तेव्हा मास्तर पहिल्यांदा हसले. माझ्यावर नाही. स्वतःच्या डोळ्यांवर खूश होऊन.

मला वाटलं होतं गोष्ट इथे संपली. पण झोप येईना. कारण त्याच सोमवारी रात्री, गॅरेजमधून खाली आल्यावर, मी रिलीजची टेस्टिंग शीट भरली होती. एकशे चाळीस टेस्ट केसेस. सगळ्यांसमोर ‘पास’. त्यांतल्या शेवटच्या अकरा मी चालवल्याच नव्हत्या. वेळच नव्हता. टक, पास. टक, पास.

बुधवारी सकाळी मी शीट उघडली, एकशे एकोणतिसाव्या ओळीखाली रेघ मारली आणि मॅनेजरला मेल टाकला. दहा मिनिटांत फोन. त्याने मात्र वेगळा प्रश्न विचारला, ‘‘अरे, आत्ता सांगायची काय गरज होती?’’

अकरा केसेस वीकएण्डला चालवल्या. दोन फेल गेल्या. क्लायंटसमोर सॉरी म्हणावं लागलं. त्या वर्षी माझं रेटिंग घसरलं, बोनसही अर्थात. बायको (तेव्हाची गर्लफ्रेण्ड) म्हणाली होती, ‘‘हरिश्चंद्राची फॅक्टरी टाकतोस का आता?’’ नाही टाकली. मी काही साधू झालेलो नाही. टाइमशीट अजूनही शुक्रवारीच भरतो. फक्त भरताना कुठली तरी ‘टक’ ऐकू येते आणि मग कॅलेंडर उघडून बघावं लागतं. वैताग आहे नुसता.

नेमबाजांच्या जगात एक जुनी गोष्ट सांगतात. मास्तरांनी ती त्या मंगळवारी रात्री, काटा बंद केल्यावर सांगितली. २६ सप्टेंबर १८७४. न्यूयॉर्कजवळ क्रीडमूरला आयर्लंड विरुद्ध अमेरिका. सहा-सहा जणांचे संघ, ८००, ९०० आणि १००० यार्ड. आयरिश मंडळी ठासणीच्या रायफली घेऊन आली होती, अमेरिकन मागून भरायच्या. त्यात एका आयरिश गड्याने थेट केंद्रात गोळी मारली. काय नेम! फक्त टार्गेट शेजारच्याचं होतं. गुण शून्य. अमेरिका जिंकली ९३४ विरुद्ध ९३१. तीन गुणांनी.

मी म्हटलं, काय नशीब बिचाऱ्याचं!

मास्तर म्हणाले, ‘‘नशीब कसलं? त्यांनी शून्य लिहिलं, म्हणून तर तो सामना आपल्याला आजही खरा वाटतो.’’

जाता जाता...

जूनमध्ये मास्तर फोर्सिथला गेले. मी गेलो नाही, माझी रजा त्या अकरा केसेसनी खाल्ली होती. तिथून त्यांनी एक फोटो पाठवला, वहीच्या पानाचा. आठशे यार्डांपलीकडे उभ्या केलेल्या पोलादी बफेलोवर पाच टण्ण. बाकीच्यांसमोर स्वच्छ अक्षरात, किती हात डावीकडे आणि किती खाली. पानाच्या वर नेहमीप्रमाणे तारीख, वारा, दारूचं वजन. आणि त्याखाली एक नवा रकाना, ‘तोलणारा’. त्यात माझं नाव. स्पेलिंग चुकलेलं, पण माझंच.

परवा दिवाळीत बोळात पहिली माळ वाजली, तो वास आला आणि आईला मास्तर आठवले. भर पाहुण्यांत, भावी व्याह्यांसमोर तिने खणखणीत आवाजात विचारलं,

‘‘अरे, तुझे ते आजोबा कसे आहेत? अजून भरतात का रे दारू?’’